ट्रकचालक व्हायचंय? हेल्परच्या सीटपासून स्टेअरिंगपर्यंतची वाट

पहिली दोन वर्षं मी हेल्पर होतो. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली गुटका (ठोकळा) लावायचा आणि गाडी मागे घेताना पाठीमागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं, हे माझं काम. स्टेअरिंगला हात लागला तो फार उशिरा. तेव्हा मला त्या उशिराचा राग यायचा. आज नवीन मुलं-मुली विचारतात की सुरुवात कुठून करायची, तेव्हा मी त्याच दोन वर्षांकडे बोट दाखवतो. प्रत्येकानं हेल्परच व्हावं असं मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी तुमच्या शेजारी कोण बसतं, यावर तुम्ही कसे चालक होणार हे बरंचसं ठरतं. पगार, गाडीचा ब्रँड, लांबचा रूट या गोष्टी त्यानंतरच्या. खालच्या पायऱ्या वाचताना एवढं मनात धरून ठेवा.

नियम देशागणिक वेगळे असतात. जिथे गरज आहे तिथे मी दोन-तीन देशांचे नियम उदाहरणादाखल दिले आहेत. तुम्ही जिथे परवाना काढणार तिथला नियम तिथल्या परिवहन खात्याकडूनच पक्का करून घ्या.

१. आधी शेजारच्या सीटवर बसा

एक पैसाही खर्च करण्याआधी ओळखीच्या एखाद्या चालकाला विचारा आणि कंपनीची परवानगी असेल तर त्याच्या शेजारी बसून एक पूर्ण फेरी करा. माल भरल्यापासून उतरवून रिकामी गाडी परत येईपर्यंत. अर्धी फेरी करू नका, कारण या कामाचं खरं रूप अर्ध्यानंतरच दिसतं. गोदामाबाहेर चार-चार तास नंबर लागायची वाट बघणं, पहाटे तीनला डोळे जड होणं, पार्किंगला जागा न मिळणं, घरून फोन आल्यावर ‘अजून दोन दिवस’ असं सांगावं लागणं. हे सगळं बघूनही दुसऱ्या फेरीला जावंसं वाटलं, तर पुढची पायरी वाचा.

या फेरीत आणखी एक गोष्ट बघा. चालक गाडीबाहेर किती वेळ असतो? चांगला चालक थांबला की खाली उतरतो, गाडीभोवती फिरतो, टायरला हात लावून बघतो, दोर ओढून बघतो. असा माणूस दिसला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

२. शिरायच्या वाटा

मी ज्या ज्या चालकांना ‘तुम्ही कसे आलात?’ असं विचारलं, त्यांची उत्तरं साधारण सात वाटांवर येऊन थांबतात.

हेल्पर होऊन उस्तादाच्या, म्हणजे मुख्य चालकाच्या, हाताखाली शिकणं ही सगळ्यात जुनी वाट. पैसे कमी, शिकणं सगळ्यात जास्त. धोका एकच: परवाना नसताना रात्री उस्ताद थकला म्हणून स्टेअरिंग तुमच्याकडे येतं. ते घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो. रिकाम्या आवारात मालकाच्या परवानगीनं शिका, रस्त्यावर शिकाऊ परवाना घेऊनच या.

गोदाम किंवा डेपोत काम करता करता पुढे जाणं ही दुसरी वाट. माल चढवणारे, फोर्कलिफ्टवाले, आवारातल्या आवारात ट्रेलर इकडून तिकडे लावणारे. यातल्या शेवटच्या कामाला मी फार मान देतो. तिथला माणूस दिवसाला वीस-तीस वेळा ट्रेलर मागे घेतो. रस्त्यावरच्या चालकाला तेवढा सराव महिनाभरातही मिळत नाही.

छोट्या गाडीपासून मोठ्या गाडीकडे जाणं ही तिसरी. पार्सलची व्हॅन, मग छोटा टेम्पो, मग दोन ॲक्सलचा (चाकांच्या दोन आसांचा) ट्रक, मग ट्रेलर. वेळ लागतो, पण चुका स्वस्तात होतात.

प्रशिक्षण संस्थेतून थेट येणं, कंपनीनं खर्च करून शिकवणं, सैन्यात अवजड गाडी चालवून नंतर नागरी परवाना काढणं आणि घरचीच गाडी असणं या उरलेल्या वाटा. घरच्या गाडीवर शिकणाऱ्यांना एक सांगतो: वडील किंवा काका कितीही चांगले चालक असले तरी काही दिवस परक्या माणसाच्या हाताखाली चालवा. घरचे लोक एक तर फार ओरडतात, नाहीतर चूक पोटात घालतात.

कंपनीनं शिकवण्याच्या करारात बहुतेक वेळा अट असते की अमुक महिने काम केलं नाही तर शिकवणीचा खर्च परत द्यायचा. अट असणं गैर नाही. पण रक्कम किती, दर महिन्याला ती कमी होत जाते का आणि कंपनीनंच काढून टाकलं तर काय, ही तीन उत्तरं लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

३. परवान्याची शिडी आणि कागदपत्रं

जवळपास सगळीकडे परवाना टप्प्याटप्प्यानं मिळतो. भारतात मालवाहू वाहनासाठी वय किमान २० लागतं, आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. अमेरिकेत राज्यातल्या राज्यात १८ व्या वर्षी चालवता येतं, राज्याबाहेर माल न्यायला २१ पूर्ण लागतात. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान १४ दिवस थांबूनच चालवण्याची परीक्षा देता येते. शिवाय ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेतलं प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. ब्रिटनमध्ये परवान्यासोबत व्यावसायिक पात्रतेचं कार्ड लागतं आणि ते टिकवायला दर ५ वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

फाइलमध्ये हे असू द्या:

- ओळख, वय आणि पत्ता यांचे पुरावे. तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच हवं.
- आधीचा हलक्या वाहनाचा परवाना
- शिकाऊ परवाना
- डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यातच
- प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो, दहा-बारा तरी
- आधी हेल्पर किंवा छोट्या गाडीवर काम केलं असेल तर त्याचं पत्र, तारखांसह
- धोकादायक माल न्यायचा असेल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि नोंद

नावाच्या स्पेलिंगचं मी मुद्दाम लिहिलं. माझ्या दोन कागदांवर आडनावात एका अक्षराचा फरक होता आणि त्यापायी माझे सात आठवडे गेले.

सापळा क्रमांक एक इथेच आहे: ‘परीक्षा न देता परवाना काढून देतो’ म्हणणारा एजंट. असा परवाना रद्द होतो हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे तुम्ही कधीच कुणासमोर नीट न चालवता चाळीस टन वजन घेऊन रस्त्यावर येता. दुसरा सापळा परदेशातल्या नोकरीचा. कुणीही मूळ पासपोर्ट किंवा मूळ परवाना ‘आमच्याकडे ठेवा’ म्हणाला तर उठून या. प्रती द्या, मूळ कागद देऊ नका.

४. डॉक्टरकडे खोटं बोलू नका

दृष्टी, रंग ओळखणं, ऐकू येणं, रक्तदाब, साखर, फिट येण्याचा इतिहास आणि झोप, इतकं साधारण बघितलं जातं. यातलं झोपेचं लोक सर्रास लपवतात. झोपेत मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकून जाग येणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं ही झोपेतल्या श्वासरोधाची लक्षणं असू शकतात. यावर उपचार आहेत आणि उपचार घेणारे अनेक चालक वर्षानुवर्षं काम करतात. न सांगता स्टेअरिंगवर बसणं मात्र स्वतःसाठी आणि समोरून येणाऱ्यांसाठी जीवघेणं आहे.

शरीरात उणीव आहे म्हणून आधीच हार मानू नका, हेही सांगायचं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लिली ड्रेनन या बाईंना लहानपणच्या आजारानं नीट ऐकू येत नव्हतं. अधिकारी परवाना द्यायला कचरत होते. १९२९ मध्ये त्यांनी तो मिळवलाच आणि पुढे स्वतःची वाहतूक कंपनी चालवली. तुमच्या बाबतीत काय चालेल आणि काय नाही हे डॉक्टर आणि नियम ठरवू देत. तुम्ही लपवून ठरवू नका.

५. शिकवणारी संस्था निवडताना

जाहिरातीत ‘चार आठवड्यांत चालक’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही एवढंच विचारा: प्रत्यक्ष स्टेअरिंगवर माझे किती तास? एका ट्रकमागे किती विद्यार्थी? एका गाडीत चौघं आणि दिवसाचे सहा तास, म्हणजे तुमच्या वाट्याला दीड तास. बाकीचा वेळ मागे बसून बघण्यात जातो. बघण्यातूनही शिकता येतं, पण फी चालवण्याची घेतलेली असते.

भरलेल्या गाडीवर शिकवतात का? रात्री शिकवतात का? मागे घेण्यासाठी वेगळं मैदान आहे का? आणि गिअर हातानं टाकायचे आहेत की स्वयंचलित? अनेक देशांत स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली की परवान्यावर तशी मर्यादा लिहिली जाते आणि हातगिअरची गाडी चालवता येत नाही. जमत असेल तर हातगिअरवर शिका. स्वयंचलित गाडी नंतर एका दिवसात अंगवळणी पडते, उलट मात्र तसं होत नाही.

६. किल्ली फिरवण्याआधीची वीस मिनिटं

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण नव्या माणसाचं चालकपण मला याच वीस मिनिटांत दिसतं.

एकाच जागेपासून सुरू करा आणि रोज त्याच दिशेनं गाडीला फेरी मारा. क्रम बदलला की काहीतरी राहतं. गाडीखाली जमिनीकडे बघा: तेल, पाणी, डिझेल गळलंय का? मग टायर. नुसता पाय मारून हवा कळत नाही, मीटर लावा. जोडटायरच्या मध्ये दगड अडकलाय का, दोन्ही टायर एकमेकांना घासतायत का, आतल्या टायरची हवा गेलीय का हे वाकून बघावं लागतं. जोडीतला एक टायर बसलेला असताना तशीच गाडी दामटली तर तो इतका तापतो की पेट घेऊ शकतो. चाकाच्या नटांभोवती गंजाची ताजी ओघळ दिसली तर नट ढिला झाल्याची शंका घ्या. लाइट, इंडिकेटर, आरसे, वायपर. ट्रेलर असेल तर ट्रकवरचा जोडणीचा जबडा ट्रेलरच्या पिनेभोवती पूर्ण मिटलाय का, हे टॉर्च लावून डोळ्यांनी बघा आणि मग गाडी हलकेच पुढे ओढून खात्री करा.

आता हवेचे ब्रेक. छोट्या गाडीतून आलेल्यांना हे सगळ्यात परकं वाटतं. गाडी चालवताना पायाचे ब्रेक लागतात ते हवेच्या दाबानं. पार्किंगचे ब्रेक मात्र स्प्रिंगनं लागतात आणि हवा त्यांना मागे ढकलून मोकळं ठेवते. म्हणून टाकीत हवा नसेल तर गाडी जागची हलतच नाही, आणि चालत्या गाडीत हवा फार खाली गेली तर स्प्रिंग आपोआप ब्रेक लावतात. तोवर वाट बघायची नसते. दाब साधारण ६० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे ४ बारच्या आसपास आला की बझर किंवा दिवा इशारा देतो. तो वाजला की सुरक्षित जागा बघून थांबा. तपासणी करताना जमीन सपाट हवी आणि चाकाखाली गुटका हवा. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि मिनिटभर काट्याकडे बघा. मग ब्रेकचं पेडल दाबून धरा आणि पुन्हा मिनिटभर बघा. काटा झरझर उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करा आणि इशारा वाजतो का ते बघा. बझर बंद पडलेली गाडी घेऊन निघू नका, मालक कितीही घाईत असला तरी.

चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम गाडीला टेकलेले ठेवा. केबिनमधून उडी मारू नका. गुडघे आणि कंबर याच उड्यांनी जातात.

७. मागे घेणं

माझी पहिली मोठी चूक मागे घेतानाच झाली. एका गोदामात संध्याकाळी गाडी लावत होतो. मागे लोक वाट बघत होते, कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मी उतरून न बघता घेतली. उजव्या आरशात सगळं साफ दिसत होतं. डाव्या कोपऱ्यावर लोखंडी खांब होता. गाडीचा मागचा फाळका वाकला आणि खांब तिरका झाला. तिथे माणूस उभा असता तर, हा विचार आजही मला सोडत नाही.

तेव्हापासून नियम एकच: उतरा आणि बघा. मागे घेण्याआधी एकदा, आणि मध्येच शंका आली तर पुन्हा. आरशात न दिसणारी जागा कितीतरी असते: गाडीच्या अगदी मागे, नाकासमोर आणि चालकाच्या विरुद्ध बाजूचा मोठा पट्टा. उतरल्यावर मागे काय आहे एवढंच बघू नका. वर बघा: वायर, छज्जा, झाडाची फांदी. खाली बघा: खड्डा, पॅलेट, गटाराचं झाकण.

ट्रेलर उलटा वागतो. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. डोकं गोंधळतं म्हणून एक युक्ती सांगतो. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा. आता शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकवा. थोडंसंच. नवी माणसं चुकतात ती जास्त फिरवून आणि मग तितकंच उलटं फिरवून. थोडं फिरवा, वाट बघा, ट्रेलरला वळायला वेळ द्या आणि वळायला लागला की लगेच स्टेअरिंग हलकेच परत फिरवून त्याच्या मागे जा.

जमेल तिथे चालकाच्या बाजूनंच मागे घ्या, म्हणजे वळणाच्या आतली बाजू तुमच्या खिडकीतून दिसते. उलट बाजूनं घ्यायची वेळ येणार असेल तर एक चक्कर मारून तोंड फिरवून या. पाच मिनिटं जातील.

कुणी मागे उभं राहून सांगत असेल तर आधी खुणा ठरवा. ‘थांबा’ची खूण कुठली हे पक्कं असू द्या. तो माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक. तो कुठे गेला हे कळेपर्यंत चाक हलता कामा नये. आणि वाकडं झालं तर पुढे घेऊन परत लावा. चार वेळा, सहा वेळा. बघणाऱ्यांना काय वाटतं याचा विचार करू नका.

८. थांबणं, वळणं, उतरणं

भरलेल्या ट्रेलरला ताशी साधारण ९० किलोमीटर वेगात, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत सुमारे १२८ मीटर लागतात. हा आकडा अमेरिकेतल्या चालकांना शिकवला जातो. यात डोळ्यांनी बघणं, पाय हलणं आणि ब्रेक पकडणं सगळं धरलंय. वेग दुप्पट केला की ब्रेकला चौपट काम करावं लागतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही: रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा लवकर थांबेलच असं नाही. ब्रेक आणि सस्पेंशन भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात, रिकाम्या गाडीची चाकं उसळतात आणि पकड सुटते. म्हणून माल उतरवून घरी निघाल्यावर हात सैल सोडू नका.

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. वळायच्या आधीच गाडी विरुद्ध बाजूला फार बाहेर काढली, तर आतल्या मोकळ्या जागेत दुचाकीवाला घुसतो. त्यामुळे ज्या बाजूला वळायचं त्या बाजूच्या कडेला शेपूट ठेवा, सरळ थोडं पुढे जा आणि मग वळा.

उतारावर वेग बांधायचा तो उताराच्या आधी. माथ्यावरच खालचा गिअर टाका, इंजिन ब्रेक (इंजिनाच्या जोरानंच वेग रोखणारा) लावा. उतारात शिरल्यावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये धावते. पायाचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका, ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. ठरवलेल्या वेगापर्यंत गाडी आली की ब्रेक नीट दाबा, वेग ताशी आठ-दहा किलोमीटर कमी करा, सोडून द्या, पुन्हा वेग आला की पुन्हा दाबा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे चालक तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडून बाकी हवं ते शिका, एवढं शिकू नका.

आपल्या गाडीची उंची कागदावर लिहून डोळ्यासमोर चिकटवा. रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा उंच उभी राहते. येताना पुलाखालून गेलो, म्हणून जाताना जाईनच असं धरू नका.

९. माल तुमच्या पाठीमागे आहे, हे विसरू नका

दुसऱ्यानं माल भरला तरी रस्त्यावर जबाबदारी चालकाची. जोराचा ब्रेक मारल्यावर माल पुढे झेपावतो. अमेरिकेच्या नियमांत आणि युरोपच्या मानकात पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर सांभाळेल अशी बांधणी मागितलेली आहे, बाजूला निम्मा. ‘वजनदार आहे, हलणार नाही’ हा समज त्यामुळे धोक्याचा. पट्टे, साखळ्या, रॅचेट (पट्टा आवळायचे खटके) बघून घ्या. फाटलेला पट्टा वापरू नका, धारदार कडेवर पट्टा जात असेल तर खाली कोपरा लावा.

निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबून बांधणी पुन्हा आवळा, कारण माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात. अर्धवट भरलेला टँकर आणि उंच रचलेला माल वळणावर जास्त धोकादायक असतात, पहिल्या वर्षी त्यांच्यापासून लांब राहिलात तर बरं. भरल्यावर वजनकाट्यावर जा. एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलवरचं वजन, दोन्ही बघा.

१०. झोप

युरोपीय संघात दिवसाला ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १० तास, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं. अमेरिकेत कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास. भारतात १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगायचा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. कागद काहीही म्हणो, तुमचं शरीर वेगळं घड्याळ पाळतं. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा ही सगळ्यात वाईट वेळ. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसांइतके मंदावलेले आढळले होते.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं झोप जात नाही. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील तर तुम्ही आधीच डुलकी घेतलेली आहे. सुरक्षित जागी थांबा, कॉफी किंवा चहा घ्या, वीस मिनिटं झोपा. उठल्यावर लगेच निघू नका, दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करा. ‘जागं राहायची गोळी’ कुणी देऊ केली तर घेऊ नका.

११. पहिली नोकरी

इथे माझं मत ठाम आहे. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एक जास्त पैसे देतो आणि दुसरा पहिले काही आठवडे अनुभवी चालकासोबत पाठवतो, तर दुसरी घ्या.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा. पैसे किलोमीटरवर, खेपेवर, तासावर की महिन्याला? माल चढता-उतरताना ताटकळण्याचे पैसे मिळतात का? दंड झाला तर कोण भरतो? गाडी बिघडली तर फोन कुणाला करायचा, रात्री दोन वाजतासुद्धा? आवारात उभ्या गाड्यांचे टायर बघून या. मालक कसा आहे ते टायर सांगतात.

ताटकळण्याचा प्रश्न छोटा समजू नका. अमेरिकेतल्या माल्कम मॅकलीन या माणसानं १९३४ मध्ये एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला होता. बंदरात माल उतरवताना दिवस वाया गेल्याची आठवण तो पुढे सांगायचा. एप्रिल १९५६ मध्ये त्याच्या आयडियल एक्स जहाजावरून ५८ पेट्या गेल्या आणि कंटेनर वाहतुकीची सुरुवात तिथून मानली जाते. ताटकळणं एवढं जुनं आणि महाग आहे, म्हणून त्याचा मोबदला आधीच बोलून घ्या.

निघण्याआधी गाडीचे कागद स्वतः उघडून तारखा बघा: नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, मालाची बिल्टी. कोऱ्या कागदावर सही करू नका. पोच मिळाल्यावर जागीच फोटो काढा. माल फुटलेला दिसला तर सही करण्याआधी तसं लिहा.

आणि पहिल्या दोन वर्षांत कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेऊ नका. हप्ता डोक्यावर असलेला नवा चालक झोप आली तरी थांबत नाही, ब्रेकचं काम पुढे ढकलतो आणि वजन जास्त भरायला तयार होतो. मी अशी दोन माणसं जवळून बघितली आहेत.

१२. पहिल्या फेरीची पिशवी

टॉर्च आणि जादा सेल, हातमोजे, चमकणारं जाकीट, टायरचा मीटर, पाने, फ्यूज आणि बल्ब, धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, पावसाचे कपडे, पाण्याचा कॅन, सुकं खाणं, रोजची औषधं, चार्जर, कागदांच्या प्रती. अग्निशामक गाडीत असतोच, त्याची तारीख बघा. गुटके दोन ठेवा, एक हमखास कुठेतरी राहून जातो.

एक छोटी वहीही ठेवा. प्रत्येक गोदामाचं फाटक कुठल्या बाजूला, आत वळायला जागा किती, मागे घेताना खांब कुठे, रात्री कोण भेटतं, हे लिहून ठेवा. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तो तिरका खांब काढलेला आहे. त्या गोदामात नंतर कितीतरी वेळा गेलो, आणि दर वेळी फाटकातून आत शिरल्यावर आधी उतरून त्याच्याकडे बघून आलो.